हिमावरचे खेळ आणि आपलीं मुलें

आमच्या रेवदंड्याला बर्फ ठाऊक आहे तो लादीचा. कारखान्यांतून लाद्या येतात, बंदरावर त्यांचा चुरा होतो आणि तो होड्यांच्या पोटांत मासळीवर पसरला जातो. दुसरा बर्फ उन्हाळ्यांतील गोळेवाल्याच्या गाडीवरचा, आणि तिसरा मुरगळलेल्या घोट्यावर फडक्यांत बांधून ठेवण्याचा. या तिन्ही बर्फांवर उभें राहतां येत नाहीं. मग त्यावर धांवावें, नाचावें, शर्यत लावावी, ही कल्पना नारळीपोफळींच्या सांवलींत वाढलेल्या माणसाच्या मनांत यावी कोठून? तरी पण गेल्या कांहीं वर्षांत महाराष्ट्रांतील मुलेंमुली हिमप्रदेशांत जाऊन खेळूं लागलीं आहेत, त्यांत पदकें मिळवूं लागलीं आहेत, आणि हा प्रश्न वर्तमानपत्रांच्या क्रीडापृष्ठांवरून आतां सरळ आपल्या माजघरांत येऊन बसला आहे. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. बर्फ हा शब्द फारसी. आपला मूळचा शब्द हिम. परंतु मराठी मुलुखांत हिम पडण्यास जागाच नसल्यामुळें तो शब्द झिजून हिंव झाला आणि निराळ्याच कामास लागला. आपल्याकडे हिंव भरतें, हिंवताप येतो, हिंवाळा येतो. पडत मात्र कांहींच नाहीं. अमरकोशांत अवश्याय, नीहार, तुषार, तुहिन, प्रालेय, मिहिका असे हिमाचे पर्याय एकापुढें एक मांडलेले आहेत. पस्तीस वर्षें आम्हीं ते मुलांकडून घोकून घेतले. पण दंव कोणतें, धुकें कोणतें आणि खरें हिम कोणतें, हें दाखविण्याची सोय आमच्या वर्गाच्या खिडकीबाहेर कधींच नव्हती. महाराष्ट्रांत त्यांतल्या त्यांत जवळचें दर्शन म्हणजे महाबळेश्वरचें. तेथें एखाद्या कडक थंडीच्या पहांटे वेण्णा तलावाच्या धक्क्यावर आणि लिंगमळ्याच्या बाजूस स्ट्रॉबेरीच्या पानांवर दंव गोठतें. सूर्य वर आला कीं तें संपतें, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत त्याचें छायाचित्र येतें.

आमच्या गांवाचा हिमाशीं एक जुना संबंध मात्र आहे. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन नांवाचा रशियन व्यापारी समुद्रमार्गें चौलास उतरला. त्याचें स्मारक २००२ सालीं रेवदंड्यांत उभारलें गेलें. हा मनुष्य व्होल्गा नदीच्या कांठच्या त्वेर शहराचा. ती नदी हिंवाळ्यांत गोठून तिचा रस्ता होतो. लोक तीवरून बिनचाकी घसरगाड्या हांकतात. असा हा गृहस्थ घाट चढून जुन्नरास गेला, तेथें पावसाळ्यांत अडकला, आणि आपल्या प्रवासवृत्तांत त्यानें आपल्या पावसाळ्यालाच हिंवाळा म्हणून टाकलें! चार महिने अहोरात्र पाणी आणि चिखल, असें तो लिहितो. ज्या ऋतूंत घरांत कोंडून बसावें लागतें तो हिंवाळा, एवढाच त्याचा हिशेब असावा. आम्ही त्याच्या देशाच्या हिंवाळ्याविषयीं जितके अडाणी, तितकाच तो आमच्या पर्जन्यकाळाविषयीं होता.

आतां कोणी म्हणेल कीं, हिमावर खेळणें हें साहेबांचें वेड, आपल्या परंपरेंत त्याला आधार नाहीं. तसें मुळींच नाहीं. काश्मीरच्या नीलमतपुराणांत पहिल्या हिमपाताचा उत्सव सविस्तर सांगितलेला आहे. राजतरंगिणीकार कल्हणानें ज्या जुन्या ग्रंथांचा आधार घेतला, त्यांतला हा एक. याची मुद्रित प्रत १९२४ सालीं लाहोरास निघाली. नवें हिम पडलें म्हणजे हिमवानाची पूजा करावी, हेमंत आणि शिशिर या ऋतूंची पूजा करावी, मग जाड उबदार वस्त्रें पांघरून आप्तमित्रांसह प्रत्यक्ष त्या हिमावरच बसावें, गाणेंबजावणें करावें, मिष्टान्नें खावीं, असा तेथें विधि आहे. याच प्रसंगीं नवें मद्य प्यावें, असेंहि पुराणकार सांगतात; तेवढा भाग वाचतांना आमच्या सौभाग्यवतींनीं चष्म्यावरून आमच्याकडे असें पाहिलें कीं, पुढील श्लोकांचें वाचन आम्हीं मनांतल्या मनांत केलें. विनोद राहूं द्या. मुद्दा असा कीं, ज्या प्रदेशांत हिम पडतें, तेथील आपल्याच धर्मबंधूंनीं त्यास संकट न मानतां पाहुणा मानलें, आणि त्याच्यावर बसून सण केला. काश्मिरांत पहिल्या हिमपाताला आजहि एकमेकांना मुबारक म्हणण्याची चाल आहे.

परंतु ज्यांना हिम सवयीचें नाहीं, त्यांना तें कसें भेटतें, हें पाहावयाचें तर आनंदीबाई जोशी यांचें चरित्र आठवावें. १८८३ सालीं अठरा वर्षांची ही मुलगी अमेरिकेस गेली आणि तिनें फिलाडेल्फियाचे तीन हिंवाळे काढले. नऊवारी नेसल्यानें पाय उघडे पडत. त्या थंडींत तें सोसेना, म्हणून आंत उबदार वस्त्र घालतां यावें अशा गुजराती पद्धतीनें ती साडी नेसूं लागली. राहण्याच्या जागेंतील शेगडी नीट जळत नसे. पेटविली तर खोलींत धूर, न पेटविली तर हाडें गोठावयाचीं. ११ मार्च १८८६ रोजीं तिला पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नसतां, ती पुण्यास वारली. तिचा रोग क्षयाचा होता, थंडीचा नव्हे, हें खरें. तरी आमच्या घरांत थंड देशाचें नांव निघालें कीं वडील माणसांच्या डोळ्यांपुढें प्रथम आनंदीबाई उभ्या राहतात. ही भीति हास्यास्पद नाहीं. मात्र ती एका शतकापूर्वींच्या कपड्यांची, शेगड्यांची आणि औषधांची भीति आहे, हें विसरूं नये.

आतां खेळाकडे वळूं. हिमक्रीडा हा एक खेळ नसून दोन अगदीं निराळ्या जातींचे खेळ आहेत, आणि आपल्या लोकांचा पहिला घोटाळा येथेंच होतो. एक जात पडलेल्या भुसभुशीत हिमावरची: पायांस लांब फळ्या बांधून डोंगराच्या उतारावरून घसरत येणें. फळीचा हा स्की शब्द नॉर्वेकरांचा. त्याचा मूळ अर्थ चिरलेलें लांकूड. दुसरी जात गोठलेल्या पाण्यावरची: बुटाच्या तळाला धारदार पातें लावून सपाट बर्फावर पळणें, गिरक्या घेणें किंवा काठीनें चकती मारीत हॉकी खेळणें. पहिल्या जातीला डोंगर पाहिजे, दुसरीला तळें पाहिजे. महाराष्ट्रास दुसरी अधिक मानवली, आणि याचें कारण भूगोलांत नसून पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर आहे. चाकांच्या बुटांवर पळण्याचा शोक आपल्या शहरांतील मुलांना गेल्या दोन पिढ्यांत चांगलाच लागला. चाकांवर तोल सांभाळणारें, वळणावर डावीकडे झुकणारें, उजवा पाय डाव्यावरून टाकणारें मूल बर्फावर अगदींच परकें नसतें.

पुण्याच्या श्रुती कोतवाल यांचें उदाहरण याच वाटेचें. चाकांवरून बर्फावर गेलेल्या या मुलीनें वेगाच्या शर्यतींत भारताच्या वतीनें उतरणारी पहिली स्त्री असा लौकिक मिळविला आणि २०१७ सालीं जपानांत साप्पोरो येथें झालेल्या आशियाई हिंवाळी स्पर्धांत भाग घेतला. आपल्या शहरांत वितळत नाहीं असा हातभर बर्फ नाहीं, आणि मुलगी जपानांत जाऊन बर्फावरच्या शर्यतीस उभी राहते! ज्या गोष्टीचा सराव घरीं करतांच येत नाहीं, तींत निपुण होणें याला जी चिकाटी लागते ती आम्हांस पदकाहून मोठी वाटते. पुढें २०२० पासून खेलो इंडियाच्या हिंवाळी स्पर्धा सुरूं झाल्या. त्यांतील बर्फावरचे खेळ लेहला आणि हिमावरचे गुलमर्गला होतात. लेहच्या बर्फावर महाराष्ट्राच्या मुलामुलींनीं सुवर्णपदकें मिळविलीं, तीं ज्यांच्या दारांत बर्फ पडतो अशा प्रांतांच्या मुलांना मागें टाकून.

येथें शाळामास्तराला आपला जुना धंदा आठवल्यावांचून राहत नाहीं. बर्फ घसरडा कां असतो? आमच्या वेळच्या पुस्तकांत उत्तर होतें कीं, माणसाचें सारें वजन एका अरुंद पात्यावर पडतें, त्या दाबानें बर्फ वितळतो आणि पाण्याच्या पातळ थरावरून पातें सरकतें. उत्तर सुंदर आहे. पण हिशेब करून पाहावा. चाळीस किलो वजनाची मुलगी, चाळीस सेंटिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद पातें. म्हणजे चार चौरस सेंटिमीटरांवर चाळीस किलो, अर्थात् सुमारें दहा वातावरणांचा दाब. एका वातावरणाच्या दाबानें बर्फाचा द्रवणबिंदु अंशाच्या शंभराव्या भागापेक्षांहि कमी खालीं येतो. दहा वातावरणांनीं तो अंशाचा दहावा हिस्साहि उतरावयाचा नाहीं. पात्याचा केवळ दहावा भाग बर्फाला टेकतो असें धरलें तरी एक अंश भरत नाहीं. आणि शर्यतीचा बर्फ तर शून्याखालीं पांचसात अंश असतो. तेव्हां दाबाचें कारण लंगडें पडलें. १९३९ सालीं बौडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, खरी करामत घर्षणाच्या उष्णतेची आहे. शिवाय बर्फाच्या पृष्ठभागावरचे कण आंतल्या कणांइतके घट्ट बांधलेले नसतात. तेथें पाण्यासारखी चंचल अशी एक अतिसूक्ष्म साय नेहमींच असते. फॅरेडेला १८५० च्या सुमारासच याचा संशय आला होता. त्यानें बर्फाचे दोन तुकडे एकमेकांस लावले आणि ते चिकटले, एवढ्यावरून!

पण केवळ घसरून शर्यत जिंकतां येत नाहीं. रेटा द्यावयास पाय कोठें तरी रोवावा लागतो. पातें पुढच्या दिशेला घसरतें, आडव्या दिशेला मात्र त्याची कड बर्फांत रुतून धरते. म्हणून हे खेळाडू पाय सरळ मागें न ढकलतां बाजूला ढकलतात, आणि आपल्याला ते नागमोडी चालल्यासारखे दिसतात. वेगाच्या शर्यतीच्या पात्यांना दगडावर घांसून धार लावतात. ही धार लावणें हा स्वतंत्र कसब आहे आणि खेळाडू तें सहसा स्वतःच करतो. मोठी धाव ४०० मीटरांची असते, छोटी १११ मीटरांहून किंचित् जास्त. आणि दोन्हींत फेरे नेहमीं डावी बाजू आंत ठेवूनच घालावयाचे. म्हणजे प्रदक्षिणेच्या अगदीं उलट! छोट्या शर्यतींत चारसहा जण एकदम वळणावर येतात, पडतात, आणि पडणाऱ्याच्या पायांत सुरी असते. म्हणून शिरस्त्राण, गळपट्टा, न कापले जाणारे हातमोजे, नडगीचीं कवचें हीं नियमानेंच बांधलेलीं आहेत. पालकांनीं हें विचारून घ्यावें. विचारण्यांत संकोच नसावा.

आमच्या घरीं हा प्रश्न उभा राहिला तो धाकट्या चिरंजीवांच्या मुलीमुळें. ती पुण्यास असते, चाकांवर पळते, आणि तिचें नांव लेह येथील सरावाच्या शिबिराकरितां निघालें. एकत्र कुटुंबांत अशी बातमी एकाच्या कानीं पडत नाहीं. ती जेवणाच्या पंगतींत वाढली जाते. आमचे ज्येष्ठ बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, त्यांनीं प्रथम खर्च विचारला. बूट पायाच्या मापाचे करवून घ्यावे लागतात, पातीं परदेशांतून येतात, मूल वाढतें तसा पाय वाढतो. आंकडा ऐकून दादांनीं ताकाची वाटी खालीं ठेवली. सूनबाईंचें म्हणणें कीं, पुढल्या वर्षीं दहावी. मुलीची आजी म्हणाली, “अहो, उलट्या प्रदक्षिणा घालावयास एवढ्या लांब जावयाचें, तें घरीं अंगणांत तुळशीभोंवतीं सुलट्या घातल्या तर नाहीं का चालणार?” त्यावर मुलगी म्हणाली, “आजी, तुळशीभोंवतीं घसरतां येत नाहीं ना!”

हंसणें झालें, पण आंतली गोष्ट हंसण्याची नव्हती. घरांत पैसा एक आहे आणि शिकणारीं मुलें पांच आहेत. थोरल्या पुतण्याच्या मुलाला अभियांत्रिकीच्या शिकवणीस पाठवावयाचें, तर त्याला कोणी खर्चाचें कारण विचारलें नव्हतें. दादांच्या सूनबाई एरवीं पंगतींत बोलत नाहींत. त्यांनीं आपण होऊन हें बोलून दाखविलें, आणि तो मुलगा त्यांचाच होता. त्या म्हणाल्या, “दादा, शिकवणीला घातलेले पैसेहि परत येतीलच असें कोठें आहे? तो नापास झाला तर आपण त्याला घालवून देणार नाहीं. मग हिला पडण्याआधींच कां थांबवावें?” पंगत गप्प झाली. दादा हात धुवावयास उठले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं पैशाचें पाकीट मुलीच्या हातीं न देतां तिच्या आजीच्या हातीं दिलें. ज्याचा विरोध अधिक त्याच्याच हातानें द्यावें, ही त्यांची जुनी रीत आहे.

मुलगी गेली. लेह समुद्रसपाटीपासून सुमारें ३,५०० मीटर उंच, हवा विरळ. तेथें विमानानें उतरल्यावर पहिले दोन दिवस स्वस्थ पडून राहावें, पाणी पीत राहावें, असें सांगतात, आणि तें पाळावेंच लागतें. समुद्राकांठच्या मुलाला आपण धडधाकट असल्याचा अभिमान असतो. त्या उंचीवर तो अभिमान दहा पायऱ्या चढतां चढतां उतरतो. तिचें पहिल्या आठवड्याचें वर्तमान फोनवरून कळलें तें असें कीं, चाक थांबवावयाचें तर आडवें केलें कीं थांबतें. बर्फावर आडवें केलें कीं आपणच आडवें होतों. शर्यतींत ती शेवटून दुसरी आली. पदक नाहीं, प्रमाणपत्र आहे. परत आल्यावर गुडघ्यावरचें काळेंनिळें दाखविण्यापूर्वीं तिनें लेहच्या मुलींचें वर्णन केलें. पहांटे शून्याखालीं पंधरा अंशांत त्या स्वतः बर्फाचें मैदान झाडतात, रात्रीं त्यावर पाणी घालतात, सकाळीं तें गोठलेलें असतें, आणि मग त्यावर हॉकी खेळतात. या लडाखच्या आणि स्पितीच्या मुलींच्या बळावरच भारताच्या महिला संघानें २०२५ सालीं आशिया चषक स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. “आजोबा, त्या आम्हांला कोच म्हणून शिकवूं लागल्या तरी आम्ही त्यांना ताईच म्हणत होतों,” असें ती म्हणाली.

रात्रीं पाणी घालून सकाळीं बर्फ करण्याची ही युक्ति शिमल्यासहि आहे. तेथील मैदान १९२० पासूनचें. यांतला बारकावा मनोरंजक आहे. केवळ हवा थंड असून भागत नाहीं. आकाश निरभ्र पाहिजे. ढग म्हणजे पृथ्वीवरचें पांघरूण. तें निघालें म्हणजे जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते आणि पृष्ठभाग हवेपेक्षांहि अधिक थंड होतो. आपल्या देशांतील लोक हें पूर्वींपासून जाणून होते. यंत्रें येण्याच्या आधीं अलाहाबादेसारख्या सपाटीच्या शहरांत उंसाच्या चिपाडांवर किंवा पेंढ्यावर उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवून निरभ्र रात्रीं बर्फ धरीत असत, हवा गोठणबिंदूच्या वर असली तरीहि! रॉबर्ट बार्कर नांवाच्या इंग्रजानें १७७५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें याचें वर्णन ठेवलें. पुढें १८३३ पासून अमेरिकेंतून जहाजें भरून बर्फ कलकत्त्यास आणि नंतर मुंबईसहि येऊं लागला, आणि परळांतला बर्फ मागें पडला. मॅसॅच्युसेट्सच्या ज्या तळ्यांवर तिकडचीं मुलें हिंवाळ्यांत पळत, तशाच तळ्यांतून कापलेला तो बर्फ असे.

आपले बहुतेक लोक हिमाला भेटतात ते मात्र खेळाडू म्हणून नव्हे, यात्रेकरू म्हणून. पुण्यामुंबईहून निघणाऱ्या सहलींबरोबर आम्हीहि एकदां गुलमर्ग पाहून आलों. वाटेंत भाड्याचे गुडघाभर रबरी बूट आणि कोणाकोणाच्या अंगावरून आलेले केंसाळ कोट मिळतात; तीं घातलीं म्हणजे ठाण्याचे वकील आणि सांगलीचे डॉक्टर सारखेच अस्वलासारखे दिसतात. मग लांकडी घसरगाडी घेऊन माणसें भोंवतीं जमतात. आपण बसावयाचें, त्यानें दोरीनें ओढावयाचें. धडधाकट माणसानें दुसऱ्या माणसाकडून ओढवून घ्यावें का, हा प्रश्न आमच्या मनांत आला, आणि आम्हीं चालत जाण्याचें ठरविलें. तेव्हां तो दोरीवाला म्हणाला, “बाबूजी, आप पैदल जाओगे तो मेरा चूल्हा भी पैदल जायेगा.” आम्हीं निमूट बसलों. उतारावर मात्र तो स्वतः पुढें बसला आणि आम्हां दोघांना घेऊन गाडी अशी सुटली कीं, साठीच्या पुढच्या माणसाच्या तोंडून जो आवाज निघूं नये तो निघाला. त्यांत भीति किती आणि आनंद किती, याची वांटणी अजून करतां आलेली नाहीं.

गुलमर्गची प्रतिष्ठा केवळ सहलींची नाहीं. १९४८ सालीं तेथें सैन्याची हिमावर चालण्याघसरण्याची शाळा निघाली. तीच पुढें उंच प्रदेशांतील युद्धाचें विद्यालय झाली. आपल्याला जी करमणूक, तीच उत्तर सीमेवरील शिपायाला चालण्याची रीत. २,६५० मीटरांवरच्या त्या कुरणावरून तारेचे पाळणे जवळजवळ ४,००० मीटरांपर्यंत वर जातात. तेथून घसरत येणारे परदेशी पाहिले म्हणजे डोळे फिरतात. नवख्यानें तेथें मार्गदर्शकावांचून पाऊल टाकूं नये. आंखून दिलेली वाट सोडली कीं हिमकडे कोसळण्याचें भय आहे, आणि त्यांत माणसें गेलेलीं आहेत.

पण त्या दोरीवाल्याच्या चुलीची गोष्ट पुढें निराळ्याच रीतीनें खरी ठरली. २०२४ च्या जानेवारींत गुलमर्ग जवळजवळ महिनाभर कोरडें राहिलें. जेथें पांढरें असावें तेथें वाळकें गवत. हिम आलें तें महिना सरतां सरतां. २०२५ सालीं खेलो इंडियाच्या स्पर्धा फेब्रुवारींत ठेवल्या होत्या. पुरेसें हिम नाहीं म्हणून त्या मार्चमध्यें ढकलाव्या लागल्या. शिमल्याच्या मैदानावर पूर्वीं बर्फ धरी तितके दिवस आतां धरत नाहीं. हें केवळ आपल्याकडेच आहे असें नव्हे. हॉलंडांत फ्रीसलंड प्रांतांत अकरा गांवांना जोडणाऱ्या गोठलेल्या कालव्यांवरून सुमारें २०० किलोमीटरांची एक शर्यत १९०९ पासून होत आली. अट एकच: साऱ्या वाटेवर बर्फ १५ सेंटिमीटर जाड पाहिजे. आजवर ती पंधरा वेळां झाली. पंधरावी ४ जानेवारी १९९७ रोजीं झाली, आणि त्यानंतर एकदांहि बर्फ पुरेसा धरला नाहीं. ज्यांनीं ती शर्यत पळावयाची म्हणून लहानपणीं मनाशीं ठरविलें, अशी एक सबंध पिढी तिकडे वाट पाहतां पाहतां चाळिशीला येऊन टेकली असेल.

मग उरतो तो यंत्राचा बर्फ. मुंबईजवळ गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्यें एके काळीं घसरण्याचें लहानसें मैदान होतें. आमच्या पिढीच्या पुष्कळांनीं मुलांचे हात धरून त्याचा कठडा पकडलेला आहे. गुरगांवला एका बाजारपेठेच्या इमारतींत तसें मैदान निघालें. डेहराडूनला २०११ सालीं दक्षिण आशियाई हिंवाळी स्पर्धांकरितां मोठें बंदिस्त मैदान बांधलें. स्पर्धा झाल्या आणि तें वर्षानुवर्षें बंद पडून राहिलें. वीज आणि देखभाल यांचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न सुटेना. २०२५ सालीं तें पुन्हां चालूं झालें आणि तेथें आशियाई खेळाडूंची स्पर्धाहि झाली. बाहेर उष्णता वाढते म्हणून बर्फ आंत घ्यावयाचा, आणि आंतला बर्फ राखावयास वीज जाळावयाची, यांतला विरोध ध्यानांत येण्यास तर्कशास्त्राची गरज नाहीं. तरी पण ज्या मुलीनें एकदां पातें बर्फांत रोवलें तिला हा विरोध समजावून सांगणें सोपें नाहीं. आणि सांगणाऱ्याच्या घरांतील शीतकपाटहि त्याच विजेवर चालतें. आमचें मत विचाराल तर, पुण्यासारख्या शहरीं एक मैदान व्हावें, तें बारमाही चालवावें, आणि गुरूं म्हणून लेहच्या त्या तायांनाच बोलवावें.

दहावीची परीक्षा होऊन गेली आहे. आतां डेहराडूनच्या सरावाचें निघालें आहे, दादांनीं यंदां खर्च विचारण्याआधीं गाडीचें वेळापत्रक विचारलें, आणि सूनबाई अजून कांहीं बोलल्या नाहींत. मुलीच्या पायाला लहान झालेला जुना जोड येथें रेवदंड्यास ठेवावयास दिला आहे, धाकट्या भावाचा पाय वाढेपर्यंत. आमच्या खाऱ्या हवेंत आठ दिवसांत पात्यावर तांबेरा धरतो; म्हणून तिची आजी दर एकादशीला देवांचीं उपकरणीं घासून झालीं कीं तीं पातीं कोरड्या फडक्यानें पुसते, शिवणयंत्राच्या तेलाचा हात देते आणि जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून फडताळांत ठेवते.